दाराबाहेरचे बूट

वॉलॉंगॉंग
८ सप्टेंबर २०२५

लाडक्या शोभाआत्या,

हे बघ, दोन पानं, मराठीत, शाईच्या पेनाने. मी आठ वर्षांची असल्यापासून तुझा नियम आहे की इंग्रजीत किंवा फोनवर लिहिलेलं तू वाचणार नाहीस. आता चोविसावं लागेल, पण नियम काही सुटत नाही. माझी फ्लॅटमेट शिवांगी विचारते, 'तेरी आत्या जेल में है क्या, जो चिठ्ठी लिखती है?'

माझ्या ऑनर्सच्या प्रबंधाचा विषय ठरला. सांगते, पण लगेच देवापुढे जाऊन बसू नकोस. एक जुना भयपट आहे, 'द ट्वेंटी-फिफ्थ गेस्ट', म्हणजे पंचविसावा पाहुणा. नाताळचा दिवस, एक घर, जेवायला जमलेली माणसं, आणि सांताच्या कपड्यांतला एक खुनी एकेकाला संपवत जातो. याला स्लॅशर म्हणतात. सण धरून काढलेल्या अगदी सुरुवातीच्या स्लॅशरपैकी हा एक, १९८० सालचा. आणि शूटिंग कुठे झालं माहितीये? इथे पोर्ट केम्बलाला, लग्नानंतर तू आणि शैलेंद्रकाका राहायचात त्याच रस्त्यावर. तुला काही आठवतं का?

हा खुनी सगळ्यांहून वेगळा आहे. खून करायला येतो तेव्हा दाराबाहेर बूट काढतो, जोडीने भिंतीला लावून ठेवतो आणि नुसत्या मोज्यांवर आत जातो. निघताना खोलीतला दिवा बंद करतो. एकदा चालताना त्याचा पाय खाली पडलेल्या जाड काळ्या पुस्तकाला लागतो, तर हा वाकून पुस्तकाला हात लावतो आणि तो हात कपाळाला, मग छातीला नेतो. चाहते पंचेचाळीस वर्षं यावर भांडतायत. माझं म्हणणं असं की ते पुस्तक बायबल आहे, ती खूण म्हणजे अर्धवट सोडलेला क्रॉस आहे, आणि खुनी हा चर्चने हाकललेला पाद्री आहे. बूट काढणं म्हणजे पवित्र जागेचा मान. अख्खं चौथं प्रकरण यावर आहे.

माझी गाईड हेलन म्हणते, या प्रकरणावर फर्स्ट क्लास मिळू शकतो. तो मिळाला तर पीएचडीची जागा. नाही मिळाला तर बाबांनी तिकडे कॅनबेरात, गुंगालिनला ओळखीने बघून ठेवलेली सरकारी नोकरी, रोज थंडीत लाइट रेल, आणि आयुष्यभर एक्सेल. प्रबंध २१ नोव्हेंबरला द्यायचा आहे. ६ डिसेंबरला सिनेमाची नवी, स्वच्छ केलेली प्रत इथे दाखवणार आहेत, आणि त्याआधी दहा मिनिटं मी बोलणार आहे. खुन्याचं काम केलेला टेरीही येणार आहे. ब्याऐंशी वर्षांचा आहे.

तुझी,
चिन्मयी


डार्विन
१७ सप्टेंबर

चिन्मयी बाळा,

अक्षर सुधारलंय. ऱ्हस्वदीर्घाबद्दल या वेळी बोलत नाही.

त्या सिनेमाचं म्हणशील तर मला फारसं काही आठवत नाही. आम्ही तिथे नवीन होतो, तुझे काका स्टीलवर्क्समध्ये शिफ्टला जायचे आणि मी आपली घरात. शेजारी गॅरी नावाचा क्रेनवाला राहायचा, त्याला कॅमेऱ्याचं वेड होतं. नाताळ संपल्यावर लोकांनी टाकून दिलेली झाडं, माळा त्याने गोळा केल्या आणि जानेवारीच्या उकाड्यात आपल्या आईच्या घरात काहीतरी उद्योग केला. खिडक्यांना ब्लँकेटं लावून दिवसा रात्र केली होती म्हणे. सांताचा कोट मखमलीचा नव्हता, लोकरीचा होता, तो माणूस आत नुसता शिजत असेल. रक्त म्हणून डब्यातल्या बीटाचा रस साबुदाण्याच्या पेजेत घट्ट केला होता. एवढंच ऐकून माहीत.

पण पाद्री वगैरे कशाला गं? एखादा माणूस घरात शिरताना बूट काढतो, त्यात काय एवढं. तू दुसरा एखादा सिनेमा घे ना. चांगला, गाणी असलेला.

इथे पावसाआधीचा दमट बिल्ड-अप सुरू झालाय, घामाच्या धारा लागतात. निनाद हॉस्पिटलमध्येच राहतो म्हटलं तरी चालेल, उर्वीची ड्युटी वेगळी, त्यामुळे ईशानीला शाळेतून आजीच आणते. सत्तराव्या वर्षी गाडी चालवते म्हणून इथल्या मराठी मंडळात माझा दरारा आहे.

तुझी,
शोभाआत्या


वॉलॉंगॉंग
२६ सप्टेंबर

आत्या,

साबुदाणा! त्या सिनेमातल्या रक्तात बारीक मोती दिसतात, त्यावर एका प्राध्यापकाने चौदा पानं लिहिलीत. त्याने त्याला 'अश्रूंचं रूपक' म्हटलंय. मी हे हेलनला सांगितलं तर ती खुर्चीवरून पडायची बाकी होती. म्हणजे तू बघायला गेली होतीस ना? कुंपणावरून? मला वाटलं होतं तुला हा विषय आवडला नाही म्हणून तू टाळतेयस. तसं असेल तर सांग, मी नाही विचारणार.

पाद्री मात्र मी सोडणार नाही. टेरीची एक जुनी मुलाखत सापडली. त्यात तो म्हणतो की खुनी आधी चर्चमध्ये होता हे त्याने स्वतः ठरवलं होतं, गॅरीलाही सांगितलं नव्हतं. त्या पुस्तकाच्या प्रसंगाआधी तो तीन दिवस कोणाशी बोलला नव्हता म्हणे. आणखी म्हणतो, 'ते बायबल माझ्या आजीचं होतं, मेट.' आत्या, मला रडू आलं. साक्षात खुन्याचा पुरावा मिळाला. आता चौथं प्रकरण पक्कं. या आर्व्होला, म्हणजे आज दुपारीच, हेलनला देऊन पण टाकते.

तुझी,
चिन्मयी


डार्विन
५ ऑक्टोबर

चिन्मयी,

आजीचं बायबल! टेरीच्या जिभेला काही हाड? तीन दिवस बोलला नाही म्हणे. तीन दिवस तो आपल्या घरी पंख्याखाली आडवा होता, बोलणार कोणाशी? आणि ते बायबल नव्हतं, टेलिफोन डिरेक्टरी होती. काळं कव्हर गॅरीच्या आईने शिवलं होतं, मुलं पानं फाडायची म्हणून. आतून पिवळी पानं होती, प्लंबरपासून सुरू व्हायची.

माणसाने थाप मारावी, पण जरा बेताने. ते प्रकरण देऊ नकोस. दिलं असशील तर परत घे.

घाईत आहे. ईशानीच्या शाळेची वेळ झाली.

शोभाआत्या


वॉलॉंगॉंग
१३ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र मी सहा वेळा वाचलं. त्या दृश्यात पुस्तकाचं फक्त काळं कव्हर दिसतं, ते एकदाही उघडत नाही. आतली पानं पिवळी होती हे तुला कसं माहीत? प्लंबर कसा माहीत? कुंपणावरून प्लंबर दिसत नाही.

आणि टेरी तीन दिवस आडवा होता, तर मग त्या कोटात कोण होतं?

प्रकरण हेलनकडे गेलंय. तिला खूप आवडलं. परत घ्यायचं तर कारण द्यावं लागेल, आणि हातात साडेपाच आठवडे आहेत. प्लीज, खरं काय ते सांग. माझं सगळं त्यावर आहे.

चिन्मयी


डार्विन
२१ ऑक्टोबर

चिन्मयी बाळा,

मी बोलून बसले. राग आला की माझं असंच होतं, तुझे काका नेहमी म्हणायचे.

आता नीट ऐक. मी १९८० साली एकाला शब्द दिलाय की ही गोष्ट मी कुणाला सांगणार नाही. तो माणूस अजून जिवंत आहे, आणि शब्दाला मुदत नसते. त्यामुळे मी काही सांगणार नाही. पण तुझं नुकसानही होऊ देणार नाही. पंधरा वर्षं तुला पत्रांतून गृहपाठ दिला, तसा आणखी एक देते.

ते चौथं प्रकरण छाप. जमिनीवर ठेव. आणि त्याला पाय लाव. मग काय होतं ते मला कळव.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी तुझी गत झाली आहे. मराठी शाळेत ही म्हण तुला दोनदा लिहायला लावली होती.

आत्या


वॉलॉंगॉंग
२९ ऑक्टोबर

आत्या,

आधी मला वाटलं, उन्हाने तुझं डोकं फिरलं.

तरी छापलं. छत्तीस पानं, हॉलच्या मध्यभागी ठेवली. आणि पाय उचलेना. खरंच उचलेना. शिवांगी सोफ्यावर बसून बघत होती, म्हणाली, लगा ना पैर, क्या प्रॉब्लेम है. मी म्हटलं, अगं असं मुद्दाम कसं लावायचं. ती म्हणाली, मुझसे भी नहीं होगा. आम्ही दोघी दहा मिनिटं त्या कागदांभोवती उभ्या होतो. शेवटी मी नाद सोडला, चहा करायला निघाले आणि घाईत पायाचा अंगठा लागला.

आत्या, मला कळायच्या आत मी वाकलेही होते. माझा हात प्रकरणाला लागून कपाळाला गेला, मग छातीला, आणि तिथेच थांबला. शिवांगीने तोंडावर हात ठेवला. मी ते दृश्य साठ-सत्तर वेळा पाहिलंय, प्रत्येक फ्रेम मोजलीये. आणि मी स्वतः हे लहानपणापासून करतेय, कॅनबेरातल्या शाळेत मुलं हसायची तरी करायचे. मला एकदाही दिसलं नाही. मी पुस्तकांत बघत होते ना.

मग सिनेमा पुन्हा लावला. खुनी उंबऱ्यावर पाय देत नाही, ओलांडतो, आणि उजवा पाय आधी टाकतो. माणूस मारतो आणि बाहेर पडताना दिवा बंद करतो, तू आमच्याकडे आलीस की बाबांच्या मागे फिरून करतेस तसा. नव्या प्रतीत तर डाव्या मोज्याच्या टाचेला हिरव्या दोऱ्याचं, तुझ्या हातचं वाटावं असं रफू स्पष्ट दिसतं. आणि उंची. टेरीची उंची नाही ती. ती माझी उंची आहे.

आत्या, तू नऊ माणसं मारलीस?

तुझी (जरा घाबरलेली),
चिन्मयी


डार्विन
५ नोव्हेंबर (एक्सप्रेसने)

चिन्मयी बाळा,

दहा. पोस्टमनला तू मोजलं नाहीस, तो अंगणात पडतो.

तू शोधलंस, मी सांगितलं नाही. आता माझ्या शब्दाला धक्का न लावता बोलता येईल.

मी रक्त द्यायला गेले होते. साबुदाण्याची पेज माझीच, गॅरीचं रक्त पाण्यासारखं वाहायचं, बघवेना म्हणून करून दिली. पातेलं घेऊन पोचले तर टेरी अंगणात उताणा. लोकरीचा कोट, दाढी, अडतीस डिग्री, आणि बिचारा चक्कर येऊन पडला होता. एवढा पैलवान गडी, पण शरमेने रडत होता. गॅरीकडे दुसरं कोणीच नव्हतं. बाकीच्या सगळ्यांचे खून व्हायचे होते. त्याने आजूबाजूला पाहिलं, आणि टेरीच्या खालोखाल उंच मी एकटी.

मी म्हटलं, एकदाच. बूट मोठे होते म्हणून तुझ्या काकांचे जाड मोजे चढवले. सुरी घेऊन दाराशी गेले, दार उघडलं, आणि सवयीने बूट काढले. बूट घालून कोणाच्या घरात कशी जाणार? मग लक्षात आलं की आपण खून करायला चाललोय. तोवर कॅमेरा फिरला होता, आणि गॅरीपाशी फिल्म इतकी कमी की पुन्हा घेणं शक्यच नव्हतं. तो मात्र खूश. त्याला वाटलं मी विचार करून केलं. पुढे प्रत्येक खुनाला बूट काढायला लावले. डिरेक्टरीचंही तसंच, पाय लागला आणि हात गेला. टेरी पंख्याखालून उठला तो चौथ्या दिवशी, आणि तोवर उरलेला सगळा सिनेमा मीच संपवला होता.

त्याने हात धरून सांगितलं, मी पडलो हे कारखान्यात कळलं तर मला जगू देणार नाहीत. मी म्हटलं, आणि माझं कळलं तर मला. सासूबाई मार्चमध्ये येणार होत्या. मंडळ नुकतंच सुरू केलं होतं, मुलांना शुभंकरोति शिकवायची होती, आणि खुनी बाईकडे कोण पोरं पाठवणार? म्हणून त्याचं नाव लागलं आणि माझं राहिलं.

तुझ्या काकांना मात्र कळलं. ड्राइव्ह-इन थिएटरला गॅरीने सगळ्या गल्लीला नेलं होतं. घरी येताना काकांनी गाडी अगदी सावकाश चालवली. शेवटी किल्ली काढताना म्हणाले, "माझे मोजे चांगले दिसले." बेचाळीस वर्षांत पुन्हा विषय नाही. ते गेले त्याआधीच्या नाताळला मात्र त्यांनी टीव्हीवर तो सिनेमा शोधायला लावला होता.

एक सांगते, हे कोणाला बोलले नाही. आपल्या घरात उंच मुलगी म्हणजे काळजी. आई फोटोत म्हणायची, जरा वाकून उभी राहा गं. स्थळं बघायला आली की मला आधीच बसवून ठेवायचे. आणि त्या कोटात गॅरी ओरडायचा, ताठ, अजून ताठ. मला आयुष्यात कोणी ताठ उभी राहा म्हटलं नव्हतं. इंग्रजी येत नव्हतं, नवरा दिवसभर कारखान्यात, आणि मी सुरी घेऊन ताठ चालतेय आणि सगळे मला घाबरतायत. फार मजा आली. खोटं कशाला बोलू.

माझं नाव लिहू नकोस. टेरीचं म्हातारपण त्या सांतावर उभं आहे. पण प्रकरण बदल.

तुझी,
शोभाआत्या


वॉलॉंगॉंग
८ डिसेंबर

लाडक्या आत्या,

एवढे दिवस लिहिलं नाही कारण झोपले नव्हते. दोन आठवड्यांत चौथं प्रकरण नवीन लिहिलं. पाद्री गेला. त्याच्या जागी असं माणूस आलं, जे घरातून शिकलेलं काही सोडू शकत नाही, खून करतानासुद्धा. मी लिहिलं की कोटातली व्यक्ती मराठी घरात वाढलेली आहे, नाव मला माहीत आहे, आणि शब्दामुळे सांगणार नाही. हेलन म्हणाली, याचा सोर्स काय? मी म्हटलं, माझा उजवा हात. मग तिच्या ऑफिसात जमिनीवर डिक्शनरी ठेवली आणि चालून दाखवलं. तिने वाकून डिक्शनरी उचलली आणि टेबलावर ठेवली. आज निकाल आला. फर्स्ट क्लास. बाबांनी फोन करून विचारलं, मग गुंगालिनच्या साहेबांना काय सांगू? मी म्हटलं, नो वरीज सांगा.

आता परवाचं. हॉल भरला होता. मी बोलले, बूट, उंबरा, दिवा, डिरेक्टरी, सगळं. टेरी पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता, आणि मला सारखं वाटत होतं की मी म्हाताऱ्या माणसाचं घर पाडतेय. सिनेमा झाला. तुझं ते पुस्तक आल्यावर या वेळी लोक हसले, आणि मग खुर्चीत पुढे सरकून बघायला लागले. नंतर टेरीला माइक दिला. कोणीतरी नेहमीचा प्रश्न विचारला, पाय लागला तेव्हा तुझ्या मनात काय होतं?

तो उठून उभा राहिला. त्याला वेळ लागला. मग म्हणाला, "काही नव्हतं, मेट. मी पंख्याखाली होतो. ती मुलगी बरोबर सांगतेय. शेजारची बाई होती. तिने मला शब्द दिलाय आणि मी तिला, त्यामुळे तिने हो म्हटल्याशिवाय नाव सांगणार नाही. पण माझ्यापेक्षा ती फार चांगली होती."

लोक उभे राहिले, आत्या. तुझ्यासाठी, नाव माहीत नसताना. मी स्टेजवर सगळ्यांसमोर रडले.

बाहेर टेरी माझी वाट बघत होता. मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, तू शोभाची. मग गाडीतून एक खोकं काढलं. म्हणाला, हे मी इतकी वर्षं लोकांना माझे म्हणून दाखवले, पण माझ्या पायाला कधी बसलेच नाहीत, कोणी नीट बघितलंसुद्धा नाही. खोकं वेगळं पाठवलंय. नव्या प्रतीच्या शेवटी नाव घालायला अजून जागा आहे. ते विचारतायत. मी काय सांगू?

तुझी,
चिन्मयी


डार्विन
१८ डिसेंबर

चिन्मयी बाळा,

खोकं परवा आलं. पाऊस कोसळत होता. बूट काळेच आहेत अजून, टाचेला जरा चिरा गेल्यात. मी ते दाराबाहेर ठेवले, भिंतीला लावून, आणि आत येऊन भाजी निवडत बसले. देवाशपथ, एकच जुडी दोनदा निवडली.

निनाद ड्युटीवरून आला. दारातूनच विचारलं, "आई, हे कोणाचे बूट?"

पंचेचाळीस वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "माझे."

मग सगळं सांगितलं. निनाद आधी हसला, मग त्याला बाबांच्या मोज्यांचं सांगितलं तर उठून माझ्याजवळ येऊन बसला. उर्वीने लगेच मंडळात कोणाकोणाला कळवायचं याची यादी केली. ईशानी माझ्याकडे बघून म्हणाली, आजी, दॅट इज सो कूल, आणि तेव्हापासून दूध सांगितल्याबरोबर पिते. हा फायदा आधी माहीत असता तर निनादच्या लहानपणीच सांगितलं असतं.

टेरीला फोन केला. दोघंही म्हातारे, निम्मा वेळ काय म्हणालात, काय म्हणालात. मी म्हटलं, मला शब्दातून मोकळं कर. तो म्हणाला, मी १९८१ पासून तेच म्हणायची वाट बघतोय. मी म्हटलं, मग नाव माझंही घालू आणि तुझंही राहू दे. दाराबाहेरून चालत येतो तो पहिला शॉट तुझाच होता. त्याला फार बरं वाटलं.

तर त्यांना सांग. शोभा शैलेंद्र, आणि पुढे आडनाव, पूर्ण. मधलं नाव गाळू नका, मोजे त्यांचे होते. आणि नीट लिहायला सांग, ऱ्हस्वदीर्घ बघ.

नाताळला ये, सिनेमा घेऊन. आम्ही सगळे बघणार आहोत, पडदे लावून, दिवसा.

जाता जाता एक. काल दुपारी घरी कोणी नव्हतं. मी ते बूट चढवले, जाड मोज्यांवर, आता बरोबर बसतात, म्हातारपणी पाय सुजतात ना. दारात ताठ उभी राहिले. मग उंबरा ओलांडला, उजवा पाय आधी, आणि सत्तर वर्षांत पहिल्यांदा बूट घालून घरात शिरले. पार स्वयंपाकघरापर्यंत गेले. मग लादी पुसून घेतली.

तुझी,
शोभाआत्या